गर्दीतली बॅटरीची गाडी : बसणारीनं काय पाळायचं, चालणारीनं काय पाळायचं

सुगी उरकत आली, आणि गटांच्या बैठकांत आता एक विषय हमखास निघतोय, तो म्हणजे सहल. वर्षभर हप्ते भरायचे, इतिवृत्त लिहायचं, बँकेच्या चकरा मारायच्या. मग वर्षातून एक दिवस हुंदडायला मिळाला तर कुणाला नको आहे? पूर्वी सहल म्हटली की देवदर्शन. आता तरुण सुना गटात आल्यात, त्या म्हणतात, यंदा जरा वेगळं बघू.

परवा एका गटाच्या बैठकीला गेले होते. अकरा जणींचा गट. सहल ठरली खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला. यादी वाचली तर नावं आठच. मी विचारलं, "उरलेल्या तिघी?" सचिव ताई म्हणाल्या, "त्यांच्यानं तिथं चालणं व्हायचं नाही. त्यांच्या वाटचे पैसे आम्ही परत देणार आहोत." हिशेब अगदी चोख. त्या तिघी तिथंच बसल्या होत्या. एकीचे गुडघे गेलेत, एकीला लहानपणी पोलिओ झालेला, आणि एकीला थोडं चाललं की धाप लागते. तुम्हाला यायचंय का, हे मात्र त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एका मावशींचा फोन आला. त्यांची लेक आणि जावई अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात असतात. मावशी उन्हाळ्यात तिकडं जाणार. नातीला डिस्नेच्या पार्कात न्यायचं आहे. जावई म्हणतात, "आत्याबाई, तिथं चालायचं खूप असतं, आपण तुमच्यासाठी बॅटरीची गाडी भाड्यानं घेऊ." मावशी मला म्हणाल्या, "मी काय पांगळी झाले का गं? अजून दोन हंडे पाणी भरते. गाडीत बसलेलं कुणी बघितलं तर काय म्हणंल?" आता अमेरिकेत मावशींना बघायला गावातलं कुणी येणार नाही. पण तो प्रश्न गावातून निघतो आणि आपल्याबरोबर विमानातही बसतो, हे खरं.

मी त्यांच्या लेकीकडून तिथले नियम समजून घेतले, वाचले. वाचताना वाटलं, हे सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. म्हणून आज ही बॅटरीची गाडी, तिचे नियम आणि तिची रीतभात.

थीम पार्क म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. आपल्या जत्रेत पाळणे असतात, मौत का कुआँ असतो, सोंगं असतात, खाऊची दुकानं असतात. तशी जत्रा, पण बारा महिने चालणारी, कुंपण घातलेली, तिकीट काढून आत जायची. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली सुरू झालं. त्यात एक नाही, चार मोठी पार्कं आहेत. त्यातल्या एपकॉट नावाच्या पार्कात एका तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे मांडलेत. आपला भारत त्यात नाही, ते असो. पण त्या तळ्याला नुसती एक फेरी मारायची तर जवळजवळ दोन किलोमीटर होतात. सकाळी आत गेलेलं माणूस रात्री आतषबाजी बघून बाहेर पडेपर्यंत सहज दहा किलोमीटर चालतं, आणि चालण्यापेक्षा जास्त रांगेत उभं राहतं. आपल्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा उभं राहणंच जड जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर तिथं दारातच गाड्या मिळतात. दोन प्रकारच्या. एक साधी चाकाची खुर्ची, म्हणजे व्हीलचेअर, जी कुणीतरी ढकलायची. आणि दुसरी मोबिलिटी स्कूटर. नाव स्कूटर असलं तरी आपली पेट्रोलची स्कूटर डोळ्यांपुढं आणू नका. तीन किंवा चार लहान चाकं, वर पाठीला टेका असलेली खुर्ची, हाताला टेका, पुढं हँडल आणि हँडलला टोपली. सगळी बॅटरीवर चालते, आवाज करत नाही. आपल्याकडं सरकारी शिबिरांत दिव्यांगांना अलिम्को कंपनीची बॅटरीची तीनचाकी सायकल मिळते ना, तिची ही धाकटी बहीण समजा. फरक असा की आपली तीनचाकी रस्त्यावर चालायची, म्हणून लांबरुंद. ही माणसांच्या गर्दीत चालायची, म्हणून अंगानं बारीक आणि वेगानं माणसाच्या चालीइतकी, फार तर थोडी जास्त.

ती चालवायला शिकणं अवघड नाही. हँडलजवळ एक दांडी असते. ती बोटांनी दाबली की गाडी पुढं जाते, सोडली की आपोआप थांबते. घाबरलात तर हात सोडून द्या, झालं. सायकलवर आपण घाबरलो की हँडल घट्ट धरतो. ती सवय इथं उलटी पडते, कारण घट्ट धरताना ती दांडीही दाबली जाते आणि गाडी आणखी पुढं धावते. म्हणून पहिल्यांदा बसलेल्या बाईनं आधी दारापाशी मोकळ्या जागेत दहा मिनिटं पुढं-मागं करून बघावं. वेगाचं एक बटण असतं, त्यावर बऱ्याच गाड्यांना एका बाजूला कासवाचं आणि दुसऱ्या बाजूला सशाचं चित्र असतं. वाचता येत नसलं तरी कळतं. गर्दीत कासवावर ठेवायचं. ससा फक्त मोकळ्या रस्त्याला.

आता भाड्याचे नियम. डिस्नेच्या दारात गाडी आधी बुक करता येत नाही, जो आधी येईल त्याला मिळते. म्हणून ज्यांना हवी त्यांनी सकाळी लवकर जावं. दिवसाचं भाडं पूर्वी ५० डॉलर होतं, आता त्याहून जास्त आहे, आणि वर थोडी अनामत ठेवावी लागते. बाहेरच्या भाड्याच्या दुकानांतून तीन-चार दिवसांसाठी घेतली तर दिवसाला स्वस्त पडते आणि ती हॉटेलवर आणून देतात. पार्कातून घेतलेली गाडी त्याच पार्कात फिरवायची, बाहेर न्यायची नाही. चालवणारी व्यक्ती १८ वर्षं पूर्ण झालेली हवी. वजनाची मर्यादा ४५० पौंडांची आहे, म्हणजे सुमारे २०४ किलो, त्याची चिंता आपल्याला नको. आणि एका गाडीवर एकच माणूस.

या शेवटच्या नियमावर मी जरा थांबते, कारण मोडला जाणार तो हाच. नात म्हणणार, आजी, मला मांडीवर घे. आणि आजीचा जीव तो, ती घेणार. आपल्याकडं एका मोटारसायकलवर अख्खं कुटुंब बसतं, तिथं मांडीवरच्या पोरीचं काय एवढं, असं वाटतं. पण मांडीवर पोर असलं की त्याचा हात नेमका त्या दांडीवर जातो. गाडी बॅटऱ्यांमुळं चांगलीच जड असते. ती समोरच्याच्या घोट्यावर गेली तर घोटा मोडतो. शिवाय तीन चाकांची गाडी वळणावर कलंडू शकते. म्हणून नातीनं शेजारून चालायचं, दमली तर तिच्यासाठी बाबागाडी घ्यायची.

घोट्याचं निघालं म्हणून सांगते. या गाड्यांचे सगळ्यात जास्त तंटे घोट्यांवरून होतात. गाडीवर बसलेल्या बाईचे डोळे समोरच्या माणसांच्या कमरेइतक्या उंचीवर असतात. तिला पुढचं काही दिसत नाही, नुसत्या पाठी आणि पिशव्या. आणि चालणारा माणूस मध्येच थबकतो, फोटो काढायला, पोराची चप्पल बघायला. गाडी तिथल्या तिथं थांबत नाही, हातभर तरी पुढं जातेच. म्हणून चालवणारीनं पुढच्या माणसापासून दोन-तीन हात अंतर ठेवावं, आणि नजर त्याच्या पाठीवर न ठेवता पायांवर ठेवावी. पाय थांबलेले आधी कळतात. भोंगा असतो, पण तो सारखा वाजवत सुटायचं नाही. "जरा वाट द्या" म्हटलेलं माणसाला बरं वाटतं. मावशींना मी एवढंच इंग्रजी शिकून घ्यायला सांगितलंय, "एक्स्क्यूज मी" आणि "थँक्यू". त्या दोन शब्दांवर दिवस निघतो.

मागं घेताना पाठीमागं कुणाला तरी उभं करावं. चढ आला की सरळ चढायचं, तिरपं नाही, तिरपी गाडी उलटते. हँडलला पाण्याच्या, डब्याच्या, स्वेटरच्या पिशव्या लटकवायच्या नाहीत, टोपलीत मावेल तेवढंच. सगळ्या कुटुंबानं आपलं ओझं आजीच्या गाडीवर टाकायचं आणि आजीला हमालगाडी करायची, हेही बरं नव्हे. उन्हाळ्यात तिथं दुपारी अचानक पाऊस येतो, म्हणून हँडलवरची बटणं झाकायला एक प्लास्टिकची पिशवी जवळ असावी. आणि गाडी उभी केली की चावी काढून घ्यायची. रांगेनं पन्नास गाड्या उभ्या असतात, सगळ्या एकसारख्या. आपलीला एक रंगीत चिंधी बांधून ठेवा. आपण बाजारात शेळीच्या गळ्यात बांधतो तशीच. तिथले कर्मचारी कधीकधी गाड्या सरकवून ठेवतात, मग चिंधीच कामाला येते.

खेळापाशी आलं की काय होतं? पुष्कळ ठिकाणी स्कूटर रांगेतून थेट खेळाच्या दारापर्यंत जाते. काही ठिकाणी मात्र स्कूटर बाहेर ठेवून साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं, आणि खेळाच्या गाडीत स्वतः उठून बसावं लागतं. तिथले कर्मचारी माणसाला उचलून बसवत नाहीत. ते मन लावून मदत करतील, दार धरतील, गाडी हळू करतील, पण अंगाला हात लावून उचलणार नाहीत, त्यांना तशी परवानगीच नाही. त्यामुळं उठता येत नसेल तर घरचं माणूस सोबत हवं. काही खेळ असे आहेत की व्हीलचेअरसकटच आत जाता येतं. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' नावाची एक होडी आहे, बाहुल्या गात असतात तिच्या दोन्ही काठांना. तिथं व्हीलचेअर चढवायची खास होडी आहे. मावशींना मी सांगितलं, बाकी काही नाही केलंत तरी चालेल, त्या होडीत बसा.

आता रांगेचा प्रश्न. आपल्याकडं असा समज आहे की व्हीलचेअर दिसली की रांग मोडून पुढं सोडतात. देवळात तसं पुष्कळदा होतंही. डिस्नेत तसं नाही. रांगेची वाट रुंद केलेली असते, आणि गाडीवाल्यांनी सगळ्यांबरोबर रांगेतूनच जायचं. गाडी पायांची जागा घेते. नंबर ती देत नाही.

याच्यामागं एक गोष्ट घडलेली आहे. पूर्वी तिथं एक कार्ड मिळायचं, ज्याला रांगेत राहणं जमत नाही त्याच्यासाठी. त्या कार्डावर वेगळ्या दारानं पटकन जाता यायचं. २०१३ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं बातमी छापली, की काही बड्या घरच्या बायका स्कूटरवर बसणाऱ्या एका बाईला तासाच्या भाड्यानं सोबत नेतात. तासाला १३० डॉलर. का, तर तिच्या आडून आपल्या धडधाकट पोरांना रांग चुकवता यावी. म्हणजे तिचं अपंगत्व यांनी तिकिटासारखं वापरलं. बातमीनं फार गवगवा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेनं ते कार्ड बंद केलं आणि नवी पद्धत आणली. ज्यांना खरोखर रांगेत थांबणं शक्य नाही, त्यांना वेळ सांगतात. रांग एक तासाची असेल तर साधारण तासाभरानं या, तोवर सावलीत बसा. पुढं २०२४ मध्ये ती सोयही आणखी आवळली. लबाडी केली भाडं परवडणाऱ्यांनी, आणि भुर्दंड पडला खऱ्या गरजूंना. आपल्याकडं दाखल्यांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी वेगळं सांगत नाही.

मग प्रश्न येतो, गाडी द्यायच्या आधी दाखला का मागत नाहीत? तर अमेरिकेत १९९० साली दिव्यांगांच्या हक्काचा कायदा झाला. त्यानुसार व्हीलचेअर किंवा अशी गाडी घेऊन आलेल्याला "तुम्हाला काय झालंय" असं विचारून उलटतपासणी घेता येत नाही. दारावरच्या माणसानं गाडी द्यायची, बस्स. काहींना वाटतं, यानं आळशी लोक माजतात. मला विचाराल तर, दहा जणींत एखादी उगाच बसली तरी चालेल. पण नऊ जणींना चार लोकांसमोर आपलं दुखणं उघडं करून दाखवायला लावू नये. आपण बायका दुखणं सांगायला आधीच लाजतो. अंगावरचं जाणं, मूळव्याध, पायातलं गोळ्यांनी सुजलेलं पाणी, हे काय तिकीट खिडकीवर सांगायचं?

आणि इथं मी त्या मावशींच्या प्रश्नाकडं येते. गाडीवर बसलेली बाई सगळ्यांत जास्त कशाला भिते, माहितीये? उठायला. ती गाडीवरून उतरून दहा पावलं चालली, दुकानात गेली, की मागून कुणीतरी म्हणतं, "बघा, चालता तर येतंय!" हे अमेरिकेतही म्हणतात, आणि आपल्याकडं तर तोंडावर म्हणतात. लोकांच्या डोक्यात दोनच खाने असतात, एक धडधाकट आणि एक लुळंपांगळं. पण जिचे गुडघे झिजलेत ती घरात शंभर पावलं चालते, हजार चालू शकत नाही. जिला धाप लागते ती सपाटीला चालते, चढाला थांबते. संधिवातवाली सकाळी अकरापर्यंत लाकूड असते आणि दुपारी चालते. हृदयाचं दुखणं तर बाहेरून दिसतही नाही. या सगळ्या जणी गाडीवरून उठतील, दोन पावलं टाकतील, पुन्हा बसतील. त्यात खोटं काही नाही. विहिरीवर दोन हंडे भरणारी बाई दहा किलोमीटर चालू शकेलच, असं कुठं लिहिलंय?

मावशींना मी हेच म्हटलं. तुम्ही दोन हंडे भरता, भरा. पण त्या दिवशी गाडी घेतली नाहीत तर काय होईल? दुपारी बारा वाजता तुम्ही म्हणाल, "तुम्ही पुढं व्हा, मी इथंच बसते." नात आत जाईल, तुम्ही बाकावर चपलांची राखण करत बसाल. गावच्या जत्रेत आपण तेच करतो. मग लेकीनं काढलेल्या शंभर फोटोंत आजी एकातही नसते. मावशी जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "गाडीचा रंग कोणता असतो गं?" मी म्हटलं, बसून बघा आणि मलाच सांगा.

आता चालणाऱ्यांनी काय पाळायचं ते. हे सगळ्यांना लागू आहे, गावातल्या यात्रेतही.

गाडीला किंवा व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका. ती खुर्ची त्या बाईच्या अंगाचा भाग असते. आपण कुणाच्या खांद्यावर पिशवी टांगतो का? मग तिच्या खुर्चीच्या पाठीला का टांगता? ढकलायची असेल तर आधी विचारा, "ढकलू का?" आणि ती नको म्हणाली तर नको. मागून येऊन अचानक ढकललं तर आत बसलेल्या बाईच्या पोटात गोळा येतो.

बोलायचं असेल तर तिच्याशी बोला. दुकानदार, तिकीटवाला, आपल्याच गटातल्या बायका, सगळे व्हीलचेअर ढकलणाऱ्याला विचारतात, "यांना चहा चालतो का?" अहो, पाय दुखतायत, जीभ शाबूत आहे. समोर या, जमलं तर बसून किंवा थोडं वाकून बोला, म्हणजे तिला मान वर करून तुमच्या हनुवटीशी बोलायला लागत नाही. लहान पोरं टक लावून बघतात, विचारतात, "आजी, तुझे पाय कुठं गेले?" आपण लगेच त्याला चिमटा काढतो. काढू नका. ती आजी उत्तर देईल, बहुतेकींना पोरांचा राग येत नाही, मोठ्यांच्या चिमट्याचाच जास्त येतो.

गाडीच्या समोरून चटकन आडवं जाऊ नका. उतारावर किंवा रॅम्पवर घोळका करून उभं राहू नका, पायऱ्यावाल्यांना पायऱ्या आहेत, तिला तेवढी एकच वाट आहे. दिव्यांगांच्या संडासात, मोकळा आहे म्हणून, साडी नीट करायला जाऊन बसू नका. डिस्नेच्या बसमध्ये व्हीलचेअर आणि स्कूटरवाल्यांना आधी चढवतात, कारण गाडी आत घेऊन पट्ट्यानं बांधायला वेळ लागतो. तेव्हा मागच्यांनी कुरकुरायचं नाही. पण तिच्यासोबतच्या अख्ख्या गोतावळ्यानंही तिचा पदर धरून पुढं घुसायचं नाही. एक-दोघं सोबत, बाकीच्यांनी रांगेत यावं. मिरवणूक बघायलाही गाडीवाल्यांना वेगळी मोकळी जागा ठेवतात. तिथंही हाच नियम. आणि रात्री आतषबाजी संपली की सगळा लोंढा एकदम दाराकडं धावतो. गाडीवालीनं तेव्हा वीस मिनिटं जागेवरच थांबावं. लोंढा ओसरला की निवांत निघावं.

अमेरिकेतच टेक्सास राज्यात, सॅन अँटोनियो शहरात, २०१० साली एक वेगळंच पार्क सुरू झालं, मॉर्गन्स वंडरलँड. गॉर्डन हार्टमन नावाच्या गृहस्थांनी ते आपल्या लेकीच्या, मॉर्गनच्या नावानं काढलं. मॉर्गन विशेष गरजा असलेली मुलगी. एकदा सुट्टीत ती पोहण्याच्या तलावात खेळायला गेली, तर तिथली मुलं बाहेर निघून गेली. तिच्याशी कसं वागायचं हे त्यांना कळेना. बापाला ते लागलं. या पार्कातल्या झोक्यावर व्हीलचेअरसकट चढता येतं. दिव्यांगांना तिकीट नाही. २०१७ मध्ये तिथं पाण्याचं पार्कही झालं. पाण्यात बॅटरीची खुर्ची चालणार कशी? तर दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या तयार करवल्या. मला या गोष्टीत आवडतं ते असं, की मुलीला खेळाजोगी करायच्या मागं न लागता त्यांनी खेळच तिच्याजोगा करून घेतला.

आता आपल्या त्या अकरा जणींचं. आपल्याकडंही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मनोरंजनाच्या जागा सगळ्यांना वापरता याव्यात, असं तो म्हणतो. कायदा कागदावरून जागेवर यायला वेळ लागतो. म्हणून सहल ठरवताना सचिव ताईंनी आधी फोन करायचा. फोनवर "सोय आहे का?" असं मोघम विचारलं तर "हो हो, या" असं मोघम उत्तर मिळतं. नेमकं विचारा. व्हीलचेअर आहेत का, किती आहेत, भाडं किती, अनामत किती, आधी सांगून ठेवता येते का. दारापासून आतपर्यंत पायऱ्या किती. व्हीलचेअर आत जाईल असा संडास आहे का, आणि तो कुठं आहे. हा प्रश्न लाजून गाळू नका. संडासाच्या भीतीनं आपल्या बायका सहलीला दिवसभर पाणी पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येते. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड असेल तर तिकिटात सवलत आहे का. आणि कोणत्या खेळांत या बायकांना बसता येईल. हृदयाचं दुखणं, रक्तदाब, पाठीचं ऑपरेशन असणाऱ्यांनी जोराच्या झोक्यांत बसायचं नाही, तिथं पाटी लावलेली असते. सूनबाई कितीही आग्रह करू देत, पाटीचं ऐकायचं.

बस ठरवताना पहिल्या पायरीची उंची बघा. पोलिओवाल्या ताईंना ती जमत नसेल तर एक मजबूत लाकडी पाट सोबत घ्या, तेवढ्यानं काम होतं. घडीची व्हीलचेअर गावात कुणाकडं असेल तर मागून घ्या, बसच्या डिकीत मावते. ६५ वर्षांवरच्या आजींना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३००० रुपये मिळतात, त्यातून काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा असं साहित्य घेता येतं. उत्पन्नाची अट आहे, ग्रामपंचायतीत चौकशी करा. ढकलायला पाळ्या लावा, दोघी-दोघींच्या, तासा-तासाच्या. नाहीतर सगळा दिवस एकटी सून ढकलत राहते आणि तिची सहल तिथंच संपते. गटात आपण कर्जाच्या पाळ्या लावतो, मग हिच्या का नाही?

आणि यादी करण्याआधी त्या तिघींना विचारा. त्या पहिल्यांदा नाहीच म्हणतील. "आमच्यामुळं तुमचा खोळंबा" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा, फोनवर मिळालेली उत्तरं सांगून विचारा. मग नको म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय. पैसे परत करा, आणि येताना खाऊ आणा.

वेळ झाली. पुढच्या बुधवारी याच वेळेला ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीबद्दल बोलू, तो कसा मागायचा आणि ग्रामसभेत विषय कसा मांडायचा. तुमच्या गटाची सहल कुठं ठरली, ते मला बैठकीत सांगा. नमस्कार.